नाताळचं पातेलं

मित्सुएने आयुष्यात पुष्कळ माणसांना नावं ठेवली होती; पण तळलेल्या कोंबडीला नावं ठेवताना तिला जो हुरूप यायचा, तो कशानेच येत नसे. डिसेंबर उजाडला की टीव्हीवर त्या जाहिराती सुरू व्हायच्या. लाल टोप्या घातलेलं, बत्तिशी दाखवणारं कुटुंब, मधोमध तंगड्यांनी भरलेला कागदी डबा, आणि शेजारी पांढऱ्या क्रीमचा केक. सगळ्या जपानभर त्या रात्री हेच खायचं, असं कुणी तरी ठरवून दिलं होतं आणि सगळ्यांनी ते निमूटपणे ऐकलं होतं.

"बाप्तिस्मा नाही, प्रार्थना नाही," मित्सुए टीव्हीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "येशू कोण विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील. आणि नाताळ म्हणे! कोंबडी खायला निमित्त हवं, दुसरं काय!"

असं बोलायचा आपल्याला हक्क आहे, अशी तिची खात्री होती. गोतो बेटांवरच्या कुरोसे गावातलं तिचं सासरचं घराणं जुनं ख्रिस्ती. या धर्मावर बंदी होती त्या काळात इथल्या लोकांनी जपमाळा पेंढ्यात लपवल्या, मुलांना कुजबुजत प्रार्थना शिकवल्या, पकडले गेले तेव्हा मार खाल्ला. त्या घराण्याची ती सून. नवरा समुद्रावर राबून राबून सात वर्षांपूर्वी गेला, पण त्याच्या मागेही घराण्याचा नाताळ तिने सोडला नव्हता.

तो नाताळ म्हणजे पातेलं. एक कोंबडा वर्षभर पोसायचा, चोवीस तारखेला सकाळी कापायचा, आणि मुळा, सलगम आणि कांद्याची पात घालून दिवसभर मंद आचेवर शिजवायचा. संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की चर्चशेजारच्या सभागृहात ते पातेलं न्यायचं, त्यात हाताने ओढलेल्या बारीक उदोन शेवया सोडायच्या, आणि सगळ्या गावाने मिळून खायचं. मित्सुए लग्न होऊन आली त्या पहिल्याच वर्षी सासूने तिच्या हातात पळी दिली आणि सांगितलं, "छळाच्या काळापासून आपल्या घरात हेच चालत आलंय. यात काडीचाही बदल करायचा नाही." मित्सुएचं माहेर बेटाच्या पलीकडच्या अंगाचं, गरिबाचं. तिथे नाताळला जे जाळ्यात सापडेल ते शिजायचं. त्यामुळे सासूचं ते वाक्य तिने देवाच्या वचनासारखं गाठीला बांधलं.

आणि यंदा नाताळच्या आधी एका रविवारी तिचा दीर इवाओ मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "वहिनी, यंदा तुम्हाला त्रास नको. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मोठ्या बेटावरच्या दुकानातून तळलेली कोंबडी मागवतोय. आणि केक."

इवाओ हा चर्चचा कारभारी. पोट पुढे, अक्कल मागे, आणि दोन्हींच्या मधे दुमत झालं तर कौल पोटाच्या बाजूने.

"कुणी ठरवलं?" मित्सुएने विचारलं.

"सगळ्यांनी."

"मी सगळ्यांत नाही वाटतं?"

"तुम्ही नाही म्हणणार हे माहीत होतं ना, म्हणून..." इवाओने टोपी हातात फिरवली. "अहो वहिनी, आता गावात उरलंय कोण? सगळे म्हातारे. भांडी घासायची कुणी, पातेलं उचलायचं कुणी? डबा उघडला, खाल्लं, डबा फेकला. सुटलो!"

"सुटलो," मित्सुए म्हणाली. "पूर्वजांनाही सुटता आलं असतं रे. एकदा मान हलवून 'आम्ही ख्रिस्ती नाही' म्हटलं असतं की झालं. पण त्यांना तुझ्याइतकी अक्कल नव्हती."

इवाओने टोपी डोक्यावर घातली आणि तो उताराने निघून गेला. मित्सुएने मनाशी ठरवून टाकलं की पातेलं चढणारच. ज्याला दुकानाचं खायचं त्याने खावं. ज्याच्या अंगात घराण्याचं रक्त असेल, तो वाडगा घेऊन तिच्याकडे येईल.

त्यातच फुकुओकाहून मुलाचा, तामोत्सुचा फोन आला. तो आणि त्याची बायको चिहारु नाताळला येणार होतेच. पण या खेपेला चिहारुचे वडीलही येऊ म्हणत होते.

"ते कशाला?" मित्सुएने विचारलं.

"त्यांना खरा नाताळ बघायचाय, आई. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून इतिहासाच्या कसल्याशा मंडळात जातात. लपून धर्म पाळणाऱ्यांबद्दल खूप वाचलंय त्यांनी."

"आणि त्यांची बायको?"

"त्यांना बोटीची धास्ती आहे."

त्या घरात एक तरी शहाणं माणूस आहे, असं मित्सुएला वाटलं.

चोवीस तारखेला दुपारच्या बोटीने तिघे उतरले. व्याही कुवाबारा उंच, काटकुळे, गळ्यात कॅमेरा, आणि हातात, मित्सुएचा डोळ्यांवर विश्वास बसेना, लाल-पांढरा कागदी डबा. दुसऱ्या हातात केकचं खोकं, फितीने बांधलेलं.

"विहीणबाई!" त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. "रिकाम्या हाताने कसं यायचं? नाताळ आहे, म्हटलं निदान हे तरी न्यावं. बोटीत जरा गार झाली."

कुणी मेलेलं मांजर आणून द्यावं, तसं मित्सुएने डब्याकडे बघितलं. "ख्रिस्ती माणसाच्या घरी नाताळला हे आणलंत?" असं तिच्या जिभेवर आलं होतं, पण चिहारुचा चेहरा बघून तिने ते गिळलं. "ठेवा तिकडे कोपऱ्यात," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर कुवाबारांनी पहिल्यांदा चुलीवरच्या पातेल्याचा फोटो काढला. मग पळीचा. मग पळी धरलेल्या मित्सुएच्या हाताचा.

"किती वर्षांची परंपरा असेल ही?" त्यांनी अगदी हळू, देवळात बोलावं तसं विचारलं.

"छळाच्या काळापासूनची."

"वा!" कुवाबारांचे डोळे पाणावले. "वासातच कळतं हो. वासात इतिहास आहे!"

वासात कांद्याची पात आहे, मित्सुए मनात म्हणाली. ज्या माणसाला पात आणि इतिहास यांतला फरक कळत नाही, त्याने आयुष्यभर विम्याचे कागद कसे तपासले असतील, याचंच तिला नवल वाटलं.

संध्याकाळी मिस्सा झाली. तीन गावांचे मिळून एकच फादर. ते पहिल्या गावाहून घाईने आले, इथली मिस्सा म्हटली, आणि वारा वाढायच्या आत पुढच्या गावाला निघून गेले. कुवाबारा सबंध वेळ शेवटच्या बाकावर ताठ बसले होते. इतर गुडघे टेकत तेव्हा ते उभे राहात, आणि इतर उभे राहिले की ते गुडघे टेकत.

सभागृहात लांब टेबलावर इवाओने आपला दरबार मांडला होता. तंगड्यांचे ढीग, टोमॅटो सॉसच्या पुड्या, तीन केक, आणि प्रत्येकाच्या डोक्यासाठी एक लाल टोपी. गावातली सगळी म्हातारी मंडळी, ज्यांना मित्सुए चाळीस वर्षं ओळखत होती, त्या टोप्या घालून बसली होती. कोंबड्यांनाच कुणी तरी टोप्या घातल्यासारखी दिसत होती.

तामोत्सुने आणि चिहारुने पातेलं धरून आणलं. मित्सुएने ते दुसऱ्या टोकाला शेगडीवर ठेवलं, शेवया सोडल्या, झाकण काढलं. वाफ छतापर्यंत गेली. मित्सुए पळी घेऊन उभी राहिली.

कुणीही उठलं नाही.

म्हणजे बघितलं सगळ्यांनी. दोघी-तिघींनी ओशाळून मानाही डोलावल्या. पण हात तेलकट झालेले, तोंडं भरलेली, आणि इवाओ प्रत्येकाच्या ताटात आणखी एक तंगडी टाकत, "घ्या हो, संकोच नको!" म्हणत फिरत होता, जणू ती त्यानेच अंड्यातून उबवली होती.

वाडगा घेऊन आले ते एकटे कुवाबारा.

"मला द्या, विहीणबाई. ही गर्दी अडाणी आहे." पहिला घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले. "अप्रतिम! चारशे वर्षं!"

मित्सुएला एवढा अपमान कधी वाटला नव्हता. सगळं गाव सोडून आपल्या बाजूला कोण उभं राहिलं, तर हा कॅमेरेवाला. तिने मुलाकडे पाहिलं. तामोत्सु इवाओकाकाच्या शेजारी बसून तंगडी चावत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की तिला तो पाच वर्षांचा वाटला.

"तू पण?" ती त्याच्यापाशी जाऊन म्हणाली.

तामोत्सुने तोंड पुसलं. "आई, एक सांगू? रागावू नकोस. मोठ्या बेटावरच्या शाळेत होतो तेव्हा पोरं विचारायची, तुम्ही तर खरे ख्रिस्ती, मग तुमच्याकडे केवढा केक असेल! वर्गातल्या सगळ्यांच्या घरी केक, कोंबडी. आमच्या घरी नाताळ असून मी एकटाच खोटं बोलायचो. आमचा केक तीन मजली असतो म्हणून सांगायचो."

"मला कधी बोलला नाहीस."

"तुझ्याशी पातेल्याबद्दल कोण बोलणार?"

मित्सुए टेबलाकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खा, खा! पोट फुटेस्तोवर खा! ज्यांनी या पातेल्याखालची आच तलवारीच्या धाकातही विझू दिली नाही, ते वरून बघताहेत तुमच्या टोप्या!"

इवाओने हातातली तंगडी हळूच ताटात ठेवली. आणि टेबलाच्या टोकाकडून कुणी तरी खो खो हसलं.

ती फुजीआत्या होती. मित्सुएच्या सासऱ्यांची धाकटी बहीण, नव्वदी ओलांडलेली, गावातली सगळ्यांत म्हातारी. डोक्यावर लाल टोपी, हनुवटीवर तेल, आणि पुढ्यात स्वच्छ चोखलेली दोन हाडं.

"तलवारीचा धाक!" आत्या म्हणाली. "अगं बये, कुठली तलवार? ते पातेलं तुझ्या सासूने आणलं."

"आणलं म्हणजे?"

"म्हणजे आणलं. लग्नाआधी ती नागासाकीला एका श्रीमंताच्या घरी कामाला होती ना, तिथल्या मालकिणीकडून शिकून आली. मी तेव्हा वीस-बावीसची असेन. त्याआधी आम्ही नाताळला काय खायचो? रताळी! उकडलेली रताळी आणि खारवलेला मासा. घरात कोंबडी असली तर ती अंड्यांसाठी. ती कोण कापतंय?" आत्याने सॉसच्या पुडीचं तोंड दातांनी फाडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशी ती शेजारणीकडे दिली. "पहिल्या वर्षी तिने अंडी देणारी कोंबडी कापली, तेव्हा माझ्या आईने आठ दिवस तिच्याशी अबोला धरला. म्हणायची, शहरात राहून आली आणि मिरवायला लागली. प्रभू गोठ्यात जन्मला आणि हिला शेवया हव्यात! सगळं गाव नाकं मुरडत होतं. तू आत्ता मुरडतेस ना, अगदी तश्शीच."

"त्या मला म्हणाल्या होत्या, छळाच्या काळापासून..."

"तिचा छळ आम्हीच केला. ती त्याच काळाबद्दल बोलत असेल."

सभागृह हसण्याने फुटलं. इवाओ तर टेबलावर हात आपटून हसला. चिहारुने तोंडावर रुमाल धरला होता, पण तिचे खांदे हलत होते.

"आणि खरं सांगू का," आत्या शेवटचा घाव घालत म्हणाली, "तुझा कोंबडा चामड्यासारखा असतो. चाळीस वर्षं गिळत आले, तुला वाईट वाटू नये म्हणून. ही बघ," तिने तंगडी वर धरली, "कवळी न लावताही चावता येते."

मित्सुएने पातेल्यावर झाकण ठेवलं. कुणाचीही मदत न घेता तिला ते उचलता येणार नव्हतं, हे सगळ्यांत लाजिरवाणं होतं. तामोत्सु आणि कुवाबारांनी दोन्हीकडून धरलं, आणि तिघं वाऱ्यातून घरी आली. वाटेत कुवाबारा एकदा म्हणाले, "म्हणजे तरी साठ-सत्तर वर्षांची परंपरा झालीच की!" मित्सुएने त्यांच्याकडे असं बघितलं की पुढे घरापर्यंत ते वाऱ्याबद्दलसुद्धा बोलले नाहीत.

सकाळी वारा इतका वाढला की बोटी बंद झाल्या. दुसऱ्या दिवशीही बंदच. गावातल्या एकुलत्या एक दुकानातलं ताजं सामान संपलं, आणि घरात होतं ते सबंध गावाला पुरेल एवढं पातेलं. सकाळी तेच, दुपारी तेच, रात्री भात घालून तेच. मित्सुए वाडगे भरत राहायची. आत्याचं बोलणं तिच्या डोक्यात गिरमिटासारखं फिरत होतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला सासूचा चेहरा आठवायचा, पळी हातात देतानाचा. आणि इतक्या सरळ चेहऱ्याने एवढी मोठी थाप मारणाऱ्या बाईला आपण मरेपर्यंत भ्यायलो, याची तिला चीड यायची.

तामोत्सु आणि चिहारु चार घास खाऊन 'पोट भरलं' म्हणू लागले. कुवाबारा मात्र प्रत्येक वाडग्याला दाद देत होते. पहिल्या दिवशी 'अप्रतिम', मग 'छान', मग 'पौष्टिक'. ते ऐकून मित्सुएला त्यांचा जास्तच तिटकारा येई. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने वाडगा पुढे केला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "खरं बोलू?"

"बोला की."

"मला आता हे जात नाही. आत्याबाई म्हणाल्या ते बरोबर आहे. मांस चामड्यासारखं आहे. आणि तेलाचा तवंग बघूनच पोटात ढवळतं."

"बाबा!" चिहारु दचकून म्हणाली.

पण मित्सुए हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच हसली, आणि हसू आवरेना म्हणून तिला पळी खाली ठेवावी लागली.

"आल्यापासून हे पहिलंच खरं वाक्य बोललात तुम्ही," ती म्हणाली. "आता आणखी एक सांगा. तुमच्याकडे लहानपणी काय असायचं? तुम्ही तर ख्रिस्तीही नाही."

कुवाबारांनी जरा आठवलं. "केक. पण असा मऊ नाही. तेव्हा लोण्याच्या क्रीमचा मिळायचा, मेणासारखा घट्ट, साबणासारखी चव. वडील ऑफिसमधून सुटले की दारू प्यायला जायचे, आणि नाताळला मुलांसाठी केक न्यायचा एवढं त्यांना त्या अवस्थेतही आठवायचं. झोकांड्या खात घरी यायचे. कधी खोक्यावर बसलेले असायचे, कधी खोकं खाली पडलेलं असायचं. आई संतापाने रडायची आणि आम्ही भावंडं एका बाजूने चेपलेला केक चमच्याने खरवडून खायचो. मला तो फार आवडायचा."

"गाढवच होते तुमचे वडील."

"हो," कुवाबारा म्हणाले. "पण केक आणायचे."

मित्सुए उठली. त्यांनी आणलेला तंगड्यांचा डबा पहिल्याच रात्री संपला होता, पण केकचं खोकं कोपऱ्यात अजून तसंच होतं; फीतसुद्धा सुटली नव्हती. तिने ते उघडलं. क्रीम कडेला पिवळं पडलं होतं, एक स्ट्रॉबेरी घसरून खोक्याला चिकटली होती. थंडीने बाकी सगळं टिकलं होतं. तिने चार तुकडे केले, आपल्या तुकड्यातला एक घास तोंडात टाकला, आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"हवा खाल्ल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "दात कशात रुततच नाहीत. हे खाऊन माणसं दात दाखवत हसतात होय!"

पण तिने तुकडा संपवला. कुवाबारांनी कॅमेऱ्याकडे हात नेला आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. निरोप द्यायला इवाओही धक्क्यावर आला होता. बोट वळसा घेऊन दिसेनाशी झाली तसा तो चाचरत म्हणाला, "वहिनी, पुढच्या वर्षी... म्हणजे तुमची इच्छा असेल तर आपण पुन्हा पातेलंच..."

"काही नको. तंगड्याच मागव. आत्या आणखी किती वर्षं आहे? तिला चावायला येतात ना, मग झालं." मित्सुएने शाल घट्ट केली. "मात्र त्या टोप्या समुद्रात फेक. माझं पातेलं माझ्या घरी चढेल. कुणी आलं तर वाढीन, नाही आलं तर मी एकटी तीन दिवस खाईन. मला सवय झाली आहे."

"चारशे वर्षांची सवय?" इवाओने हसत विचारलं.

"तू आधी पोट आत घे, मग बोल."

ती घराकडे न जाता टेकडीवरच्या दफनभूमीत गेली. वारा पडला होता. समुद्र मळकट दिसत होता. सासूच्या थडग्यावर वाळकी पानं साचली होती. मित्सुएने ती हाताने बाजूला केली, क्रूसावरची माती पुसली आणि नेहमीसारखी हात जोडून उभी राहिली.

"खोटारडी," ती म्हणाली.

मग तिला त्या आठ दिवसांच्या अबोल्याची आठवण झाली. नवी सून, शहरातून आलेली, पातेलं घेऊन उभी, आणि समोर नाकं मुरडणारं सगळं गाव. उठून वाडगा पुढे करणारं कुणी एकही नाही. तेव्हा ही बाई घरी जाऊन रडली असेल का? मित्सुएला तसं वाटेना. तिने बहुधा दुसऱ्या वर्षी आणखी मोठं पातेलं चढवलं असेल. आणि सून आल्यावर, हे आपण आणलं असं म्हणायची सोय नव्हती म्हणून पूर्वजांच्या नावावर खपवलं असेल.

मित्सुएने अजून बराच वेळ तिला नावं ठेवली. मनसोक्त ठेवली. मग प्रार्थना म्हटली, पूर्ण म्हटली, आणि कोंबड्यांना दाणे घालायची वेळ झाली म्हणून उताराला लागली.